चटणीतला लसूण

चातुर्मासात बायका वांगं सोडतात, गेल्या वर्षी मी खोटं बोलणं सोडलं. सासूबाई म्हणाल्या, "वांगंच सोड ना माय, ते सोपं शे."

ऐकायला हवं होतं. शेजारच्या किराणा दुकानवाल्या कंचनभाभी जैन, लसूण खात नाहीत. त्यांना जेवायला बोलावलं, तर मोठ्या जाऊबाईंनी सवयीने मिरचीच्या चटणीत लसूण घातला. मला वास येईपर्यंत भाभींची अर्धी भाकरी संपली होती.

"काय चटणी झाली हो! लसूण नाही ना यात?"

जाऊबाई माझ्या कानात कुजबुजल्या, "नही सांग! तिले काय समजनार शे?"

मी म्हटलं, "आहे, भाभी. चुकून पडला."

त्या भरल्या ताटावरून उठल्या. पुढे कित्येक दिवस ओट्यावरही फिरकल्या नाहीत. घरात बोलणी मलाच. थकून गेले हो मी.

मग एका दुपारी त्या आपणहून आल्या आणि पाटावर बसल्या. "वाढा. बाकीच्यांकडे विचारून खाते, तरी धाकधूक राहते. तुमच्याकडे नुसतं विचारलं की झालं."

येत्या चातुर्मासात तुम्हीही हेच सोडा ना. एकटीला फार जड जातं.