पानिपतहून बोलणारे दर्शक

बसा ना. नाही, त्या खुर्चीवर नको, ती ह्यांची. हे आतल्या खोलीत असतात, पण खुर्ची त्यांचीच. आणि जरा हळू बोलू या, म्हणजे मीच, तुम्ही कुठे बोलताय. मला हळू बोलायची सवयच राहिली नाही हो, इतकी वर्षं माइक लावून बोलले की आता घरात मीठ मागितलं तरी वाटतं, शेजारून कोणीतरी टाळ्या वाजवेल.

जन्म माझा दिल्ली कँटमधलाच. वडील लष्करात हवालदार, साताऱ्याकडचे. क्वार्टर्सची एक लांब ओळ, त्यात बरेचसे आपल्याकडचेच, कोल्हापूर, सांगली, सातारा. माणसं बॉर्डरवर आणि बायका इथे. दुपारी त्या आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या आणि बोलायच्या, सासूचं, जावेचं, पत्र आलं नाही त्याचं. आई म्हणायची, सुले, तू ऐक गं वहिनींचं, मला भाकऱ्या थापायच्यात. मग मी ऐकायचे. मला काय कळत होतं, फ्रॉकला नाक पुसत बसायचे, उत्तर तर माझ्याकडे नव्हतंच, पण काय सांगू तुम्हाला, त्या बायका उठून जाताना हलक्या होऊन जायच्या. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काउन्सेलिंग मी तेव्हा केलं. पुढे सायकॉलॉजी शिकले, एम. ए. झाले, आणि उत्तरं यायला लागली. तिथून बिघडलं.

लग्न होऊन इथे करोल बागला आले. हे सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये, मिनिस्ट्रीत. आज तुम्हाला खरं वाटणार नाही, पण हा माणूस इतका बोलका होता की भाजीवाला यांना बघून रस्ता बदलायचा. आणि आपल्या दिल्लीतल्या मराठी घरांचं तुम्हाला माहीतच आहे, गावाकडून पाहुणे आले की त्यांना आग्रा नसलं तरी चालेल, पण पानिपत पाहिजे. दर हिवाळ्यात कोणी ना कोणी यायचं, हे गाडी काढायचे, वाटेत ढाब्यावर पराठे, मग स्मारकासमोर उभं राहून सगळी लढाई हातवारे करून सांगायचे. एकदा हरयाणातल्या कुठल्याशा शाळेची सहल आली होती, ती मुलं यांना गाइड समजून मागे मागे फिरली, आणि हे खूश होऊन त्यांना सगळं हिंदीतून पुन्हा सांगत बसले. तोवर आम्ही बायका बाजारात, चादरी आणि ब्लँकेटं. आजही कपाट उघडलं की अंगावर ब्लँकेटंच पडतात.

हां, टीव्हीचं. मी शाळेत काउन्सेलर होते, तिथे एका मुलाचे वडील न्यूज चॅनेलमध्ये होते. बोर्डाच्या परीक्षा आल्या की त्यांना कोणीतरी लागायचं, बच्चों का तनाव वगैरे बोलायला. म्हणाले, मॅडम, आप आ जाइए, थोडा सा बोलना है. गेले नोएडाला. मेकअपवाल्या मुलीनं माझ्या तोंडावर इतकं काही थापलं की घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, आपण कोण? कोणाकडे आलात? असे होते हो हे. मग बोलावणी वाढली, आणि मग माझा स्वतःचा कार्यक्रमच सुरू झाला, आठवड्यातून एकदा, दुपारी, लोक फोन करून मनातलं विचारणार आणि मी उत्तर देणार. नावाखाली पट्टी यायची, प्रसिद्ध मनोवैज्ञानिक. प्रसिद्ध मी पहिल्याच दिवशी झाले, कार्यक्रमाच्या आधीच.

आता ते काम कसं असतं सांगते. कानात एक छोटं यंत्र खुपसलेलं असतं, त्यातून आतला माणूस बोलतो. आमचा गौरव म्हणून प्रोड्यूसर होता, गोड मुलगा, पण समोरचा दर्शक रडायला लागला की हा माझ्या कानात म्हणणार, दीदी, लपेटो. म्हणजे गुंडाळा, जाहिरात आहे. मग मला सवय लागली, माणूस अर्ध्यावर असतानाच माझं उत्तर तयार. एकटं वाटतंय का, सकाळी झाडांना पाणी घाला. झोप नाही का, झोपण्याआधी तीन चांगल्या गोष्टी आठवा. एखाद्या जुन्या मित्राला फोन करा. आरशात बघून स्वतःशी हसा. वाईट नाहीत हो ही उत्तरं, पुस्तकातलीच आहेत, पण मी ती पाणीपुरीवाल्यासारखी द्यायला लागले, पुढचा कोण, पुढचा कोण.

टीव्हीवर दिसलं की कंपन्या बोलावतात. गुरुग्रामच्या त्या काचेच्या इमारती, हॉटेलातले हॉल, मी मोटिव्हेशनल स्पीकर. सुरुवातीलाच सगळ्यांना उभं करायचं, ही आमच्या धंद्यातली पद्धतच आहे, चलो, उठिए, शेजारच्याचा हात धरा, डोळ्यांत बघा आणि म्हणा, तुम अकेले नहीं हो. अख्खा हॉल म्हणतो. काही जण रडतात. मग जेवण. हे सुट्टी टाकून मला गाडीनं घेऊन जायचे आणि अगदी शेवटच्या रांगेत बसायचे. परतताना सांगायचे, सुले, तिसऱ्या रांगेतला निळ्या शर्टवाला उभा राहिला नाही बघ. तुझं भाषण छान झालं, पण तो उभा राहिला नाही. मी म्हणायचे, अहो, शेकडो उभे राहिले ते नाही दिसले? म्हणायचे, ते दिसतातच गं.

मग हे रिटायर झाले. ऑफिसात निरोप दिला, शाल, घड्याळ, भाषणं. सुरुवातीला फोन यायचे, सर, ती फाइल कुठे, सर, तो नियम कुठला. मग ते थांबले. आणि ह्यांचं बोलणं कमी कमी होत गेलं, म्हणजे एका दिवसात नाही, नळ नीट बंद न केल्यावर कसं थेंब थेंब येतं आणि मग तेही थांबतं, तसं. हो, नको, ठेव तिथे. आंघोळीला सांगावं लागायचं. पाहुणे पानिपतला जायचं म्हणाले तर कॅब करून द्या म्हणाले. आम्ही डॉक्टरला दाखवलं, चांगल्या डॉक्टरला, गोळ्या चालू आहेत, त्यानं झोप लागते. पण बोलणं काही येत नाही. मुलगी बंगलोरहून फोन करते, आई, तू बाबांशी बोल ना, तुझं तर कामच आहे ते. मी बसायचे की समोर. अहो, काय वाटतंय तुम्हाला? हे माझ्याकडे असे बघायचे जसं मी सर्व्हे करायला आलेय. सांगा, घरच्या माणसानं असं पुस्तकी विचारल्यावर कोण बोलेल?

आणि मग एक दिवस कार्यक्रम चालू असताना गौरव म्हणाला, दीदी, अगले दर्शक पानिपत से, नाम नहीं बताना चाहते. मी म्हटलं, जी, बोलिए. तिकडून आवाज, मैडम, मतलब ऐसा है कि, शिकायत कुछ नहीं है. पत्नी अच्छी है. बस सुबह समझ में नहीं आता कि उठना किसलिए है.

मतलब ऐसा है कि. तीस वर्षं मिनिस्ट्रीत प्रत्येक वाक्य ह्यांनी तिथूनच सुरू केलं. आणि मागे आमच्या गल्लीतला रद्दीवाला ओरडत होता, कबाड़ीऽऽ, त्याचा तो फाटका आवाज मी कुठेही ओळखेन. पानिपत कसलं, हे ह्याच खोलीतून बोलत होते. कॅमेरा चालू, लाल दिवा चालू, आणि कानात गौरव, दीदी, बोलो, दीदी. मी काय बोलले असेन? सुबह पौधों को पानी दीजिए. नमस्कार. पुढचा कोण.

घरी आले तर बाल्कनी ओली. कुंड्यांतून पाणी वाहतंय. हे खुर्चीत. मी म्हटलं, चहा टाकू? म्हणाले, टाक.

पुढच्या आठवड्यात पुन्हा पानिपत. मैडम, पानी दिया. अब? मी म्हटलं, किसी पुराने दोस्त को फ़ोन कीजिए. त्याच्या पुढच्या वेळी, मैडम, दोस्त को फ़ोन किया था, उसकी बहू ने उठाया, दोस्त अब नहीं रहे. अब? मी सांगेन ते हे सरकारी आदेशासारखं पाळायचे आणि पुढच्या वेळी अहवाल द्यायचे. पण काय सांगू तुम्हाला, माझ्याशी बोलायचे हो. आठवड्यात एकदा, दोन-चार वाक्यं, हिंदीतून, मॅडम म्हणून, पण बोलायचे. मी त्या दिवसासाठी साडी निवडायला लागले. एकदा मला राहवलं नाही, घरी विचारलं, अहो, तुम्ही फोन करता ना? कुठे, म्हणाले, कोणाला? आणि त्या आठवड्यात पानिपत आलंच नाही. मी असली घाबरले की पुन्हा म्हणून विषय काढला नाही. पुढच्या आठवड्यात आले, तेव्हा मला स्टुडिओत रडू फुटलं, गौरवला वाटलं डोळ्यांत काजळ गेलं.

मग चॅनेलनं कार्यक्रम बंद करायचं ठरवलं. त्या वेळेला आता एक ज्योतिषी येतात, बरे आहेत दिसायला. मी गौरवला म्हटलं, बेटा, शेवटच्या दिवशी पानिपतवाल्यांचा फोन घेच. म्हणाला, वो अंकल? दीदी, वो तो बोर करते हैं यार. पण घेतला त्यानं. आणि त्या दिवशी मी ठरवूनच गेले होते, उत्तर द्यायचं नाही, त्या ओट्यावर बसायचे तशी बसणार. कानातलं यंत्र काढून मांडीवर ठेवलं. म्हटलं, बोलिए, आज मैं सिर्फ़ सुनूँगी.

हे बोलेनात. नुसता श्वास ऐकू येत होता. टीव्हीवर सगळं चालतं हो, रडणं चालतं, भांडण तर जोरात चालतं, पण शांतता चालत नाही. मांडीवर ते यंत्र माशीसारखं गुणगुणत होतं, गौरव ओरडत असणार. मी बसून राहिले. मग हे म्हणाले, मैडम, सुना है प्रोग्राम बंद हो रहा है. मी म्हटलं, जी. म्हणाले, तो फिर आप कहाँ मिलेंगी?

मी तोंड उघडलं, घरी असं म्हणायला. पण तोवर जाहिरात लागली होती. टाइल्सची.

धावत घरी आले. मेट्रोतून नाही, कॅब केली, म्हटलं आज बोलायचंच. हे खुर्चीत. मी पायाशी बसले, म्हटलं, अहो, मी इथेच आहे, मला इथे विचारा ना. मराठीत विचारा. ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाले, तोंडावरचं ते धुऊन ये, गालावर ओघळलंय. इतकंच. मी धुऊन आले तर आत जाऊन पडले होते.

वेडेपणाही करून पाहिला. एकदा गुरुग्रामला कार्यक्रम होता, तिथल्या मॅनेजर बाईंच्या फोनवरून यांना फोन लावला, म्हटलं, नमस्कार, आप पानिपत से बोल रहे हैं? तिकडे श्वास. रद्दीवाला. मग अगदी सभ्यपणे म्हणाले, जी नहीं, रॉन्ग नंबर. आणि मी हॉलमध्ये जाऊन चारशे माणसांना उभं केलं, शेजारच्याचा हात धरायला लावला. शेवटच्या रांगेत सवयीनं बघितलं. तिथे खुर्च्या रचून ठेवल्या होत्या.

नाही, आता मी आशा वगैरे धरत नाही. स्टेजवर विकते, घरी ठेवत नाही, मिठाईवाला कुठे स्वतःची मिठाई खातो. गोळ्या देते, जेवण देते, समोर बसते. बसणं येतं मला अजून, तेवढं कँटमधून आलंय. पण त्या वहिनी आपणहून यायच्या हो. ओट्यावर कोणी आलंच नाही तर पोरीनं काय ऐकायचं?

थांबा, ऐका. लागलं बघा. आतून येतंय ना? मोबाइलवर माझे जुने कार्यक्रम लावतात, रोज या वेळेला. तोच, ह्यांचा पहिला फोन आला होता तो. स्वतःचा आवाज ऐकतात, मतलब ऐसा है कि. आता ती बाई उत्तर देईल. सुबह पौधों को... हां. बघा, उठले. आता पाण्याचा मग घेऊन बाल्कनीत येतील. तुम्ही उठू नका, त्यांना कोणी बघितलेलं आवडत नाही. त्या कुंडीतली तुळस केव्हाच कुजली, पाणी जास्त झालं. दुसरी लावली, तीही गेली. घालू दे. मी रिकामी कुंडीच ठेवलीय तिथे, खाली बादली लावून.

चहा घ्या, निवला असेल. आणि तुमच्या घरी कोणी बोलत असेल ना, अगदी भाजीच्या मिठावरून कटकट करत असेल, तर देव त्यांना तशीच कटकट करत ठेवो.