टोपलीसकट नेलेली खुडूक कोंबडी

नाव: ओळखपत्रावर आहे तेच, गल्लीत "काटेवाली" म्हणतात. वय: ५२ वर्षे. व्यवसाय: वजनकाटे दुरुस्ती. राहणार: गोदामामागच्या गल्लीतील जोडघर, डावीकडचे.

मी आज बावीस तारखेला सकाळी दहा वाजता स्वतः ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी पती वारल्यापासून एकटी राहते. उजवीकडच्या घरात तक्रारदार राहतात. दोन्ही घरांना मिळून एक भिंत आणि मागे एक आवार आहे. आवारात सहा वर्षांपासून मधोमध जाळी आहे. तक्रारदार नात्याने माझ्या थोरल्या जाऊ लागतात, तरी या जबाबात त्यांना तक्रारदारच म्हणावे, अशी माझी विनंती आहे. सहा वर्षांत आमचे बोलणे नाही.

त्यांची अंड्यांवर बसायला आलेली, म्हणजे खुडूक, कोंबडी मी चोरली असा आरोप आहे. कोंबडी माझ्याकडे आहे. मी ती न विचारता नेली. चोरलेली नाही.

आमच्या सासऱ्यांनी कोंबड्यांची एक जात जपली होती. रंगाने काळी, पायांवर नखांपर्यंत पिसे, म्हणून घरात तिला मोजेवाली म्हणत. आवारात जाळी नव्हती तेव्हा ओळखीसाठी माझ्या कोंबड्यांच्या पायाला एक दोरा आणि तक्रारदारांच्या कोंबड्यांना दोन दोरे बांधत असू. सहा वर्षांपूर्वी माझ्या दोन कोंबड्या माना टाकून मेल्या. मी त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना कळवले. त्यांच्या माणसांनी येऊन, रोग पसरू नये म्हणून, दोन्ही घरांच्या मिळून त्रेसष्ट कोंबड्या मारून पुरल्या. त्यांतल्या एक्केचाळीस दोन दोऱ्यांच्या होत्या. तक्रारदार तेव्हा म्हणाल्या, "तुझ्या सांगायच्या होत्यास. माझ्या कशाला सांगितल्यास?" उद्या तसाच रोग आला तर मी पुन्हा कळवीन.

त्यानंतर मोजेवाली इथे कुठेच उरली नाही. परदेशात चष्मे विकणाऱ्या एका बाईंकडे ती आहे, त्यांच्या आजोबांनी इथून नेलेल्या अंड्यांपासून वाढवलेली, हे मला चार वर्षे पत्रे लिहून कळले. अंडी मागवण्याचा परवाना मी रीतसर काढला. पहिल्या खेपेची अंडी तपासणीच्या खोलीत नऊ दिवस पडून वाया गेली. मी पुन्हा अर्ज केला. दुसऱ्या खेपेला चोवीस अंडी आली. प्रत्येकावर मी आल्या दिवशीच पेन्सिलीने खूण केली. खूण कसली, असे मला विचारण्यात आले. त्याचा या तक्रारीशी संबंध नाही.

तीन अंडी तडकलेली होती. उरलेली एक दिवस रुंद टोक वर करून ठेवली, कारण प्रवासात आतला हवेचा कप्पा हलतो. मग तीन तारखेला अंडी उबवायच्या मशीनमध्ये लावली. दहाव्या दिवशी अंधारात दिव्यासमोर धरून पाहिली, त्यांत नऊ पोकळ निघाली. बारा जिवंत होती. रक्ताच्या शिरा मी स्वतः पाहिल्या.

एकोणीस तारखेला, म्हणजे सोळाव्या दिवशी, सकाळी नऊ वीसला वीज गेली. बॅटरीवर मशीन एक पंचवीसपर्यंत चालले. दीडला वीज आली ती भपकन आली आणि मशीनमधली उष्णतेची तार जळाली. नवीन तार आठवड्याने मिळेल असे दुकानदार म्हणाला. दोन वाजून पाच मिनिटांनी आतली उष्णता साडेसदतीस अंशांवरून तेहतीसवर उतरली होती. भिंतीपलीकडे कोंबडी खुडूक आहे, हे मला आठवडाभर आवाजावरून माहीत होते. मी तक्रारदारांचे दार वाजवले. त्या कामावर होत्या. फोन का केला नाही, असे मला इथे विचारण्यात आले. नंबर माझ्याकडे आहे. सहा वर्षे तो लावलेला नाही, त्या दिवशीही बोट गेले नाही. हे माझे चुकले.

जाळीचे फाटक उघडून मी कोंबडी आणली. खुडूक कोंबडीला जागा बदललेली खपत नाही, म्हणून तिच्या टोपलीसकट, वरून काळे कापड टाकून. टोपलीत अंडी नव्हती, ती उगाचच बसली होती. जागेवर मी चिठ्ठी ठेवली: "कोंबडी माझ्याकडे आहे. पंचवीस तारखेला परत मिळेल." खाली सही केली. तक्रारदारांनी ती चिठ्ठी पुरावा म्हणून ठाण्यात दिली आणि म्हणाल्या, असे मला हवालदारांनी वाचून दाखवले, "चोर निदान तोंड लपवतो. हिने तारीख घालून सही केलीय."

कोंबडी आजच परत करावी, असे मला सांगण्यात आले. मी नाही म्हणाले. आज एकोणिसावा दिवस आहे, दोन दिवसांनी पिल्ले निघतील. कोंबडी उठली की अंडी गेली, आणि तिसरी खेप पाठवायला त्या चष्मेवाल्या बाई आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाने कोंबड्या वाटून टाकल्या. मला अटक करायची तर करावी, कोंबडीला करू नये.

जबाब सकाळी साडेअकराला थांबवून हवालदार, तक्रारदार आणि मी पंचनाम्यासाठी माझ्या घरी गेलो. दुपारी साडेतीनला पुढे चालू.

मागच्या खोलीत कोंबडीने हवालदारांच्या हाताला दोनदा चोच मारली. तक्रारदारांना मारली नाही. त्या माझ्याकडे न पाहता हवालदारांना म्हणाल्या, "हिच्या उजव्या डोळ्यात पडदा आहे. पाणी डावीकडे ठेव म्हणावं." मी भांडे डावीकडे ठेवले. कोंबडी बराच वेळ पाणी प्यायली. मला लाज वाटली. मग तक्रारदार म्हणाल्या, "आणि पंचवीसला परत देणार म्हणे. पिल्लं निघाल्यावर त्यांना टाकून ती घरी येईल होय? कोंबडी आहे ती, मशीन नव्हे. दीड-दोन महिने हलायची नाही." हे खरे आहे. मला ते सुचले नव्हते.

ओळख पटवण्यासाठी तक्रारदारांनी कोंबडीच्या पोटाखाली हात घातला, तेव्हा त्यांच्या हाती एक अंडे आले. ते त्यांनी खिडकीकडे धरले. त्यावर पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या. त्यांनी ते लगेच परत ठेवले आणि मला विचारले, "दोन रेघांची किती?"

मी म्हणाले, "सात."

"तुझी?"

"पाच."

चोवीस अंड्यांवर मी आळीपाळीने एक रेघ आणि दोन रेघा काढल्या होत्या. बारा आणि बारा. कुठली पोकळ निघतील ते तेव्हा कुणाला माहीत होते? हवालदार म्हणाले, एक रेघ वाढवायला किंवा पुसायला कितीसा वेळ लागतो. यावर मी काही बोलण्याआधी तक्रारदार म्हणाल्या, "ती नाही पुसायची. जीव गेला तरी नाही पुसायची."

मुद्देमाल तक्रारदाराच्या ताब्यात द्यावा लागतो, असे हवालदारांनी सांगितले. तक्रारदारांनी पावतीवर सही करून कोंबडी ताब्यात घेतली आणि होती तिथेच राहू दिली. कामावर दोन दिवसांची रजा कळवून त्या माझ्या घरी मागच्या खोलीत बसल्या आहेत. घराची किल्ली त्यांच्याकडे आहे.

माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे. मी सांगितलेल्या दोन दुरुस्त्या येथे नोंदवल्या आहेत. एक, चिठ्ठीवरची पंचवीस तारीख चुकीची होती. दोन, सुरुवातीला केलेली विनंती मी मागे घेते. जिथे जिथे तक्रारदार लिहिले आहे, तिथे जाऊबाई वाचावे.