बाबांनी कपडे वेळेवर शिवले

नाही, तुम्हीच सांगा, ज्या माणसाने जन्मात कुणाचा साधा पायजमा सांगितल्या दिवशी दिला नाही, त्याने नेमक्या माझ्याच दौऱ्याच्या वेळी वेळेवर कपडे शिवायचं मनावर घ्यावं? माझ्या वडिलांबद्दल बोलतेय मी. टेलर आहेत, गल्लीच्या तोंडाशी दुकान आहे, हात असा की त्यांनी शिवलेलं अंगावर नुसतं टाकलं तरी बसतं, पण वेळ... वेळेचं नावच काढू नका. आमच्या पोस्टमास्तरांनी स्वतःच्या लग्नासाठी सूट शिवायला टाकला होता, त्यांचा मुलगा आज कॉलेजात माझ्या वर्गात बसतो, आणि सूट? सुटाला अस्तर लावणं चालू आहे.

तर झालं असं, की कॉलेजातून माझी निवड झाली, परदेशात जाऊन हिमनद्यांचा अभ्यास करायचा, निम्मा खर्च कॉलेजचा, निम्मा आपला. घरी भीतभीतच सांगितलं. आई काजं करत होती, तिची सुई तिथेच थांबली, आणि बाबा म्हणाले, "जा की." जसं काही मी कोपऱ्यावरून दोऱ्याचं रीळ आणायला निघाले होते! पैसे कुठून येणार, कसे येणार, काही नाही, जा की. मी गारच पडले, तुम्हाला सांगते.

आता आमचे बेकरीवाले काका, भला माणूस, त्यांनी आपल्या काउंटरवर एक डबा ठेवला, गिऱ्हाइकांनी जाता-येता माझ्यासाठी काहीतरी टाकावं म्हणून. बाबांना कळलं. गेले, डबा उचलला, काकांच्या हातात दिला आणि म्हणाले, "माझ्या पोरीला माझं मशीन पाठवील." झालं, विषय संपला, आणि माझा दौराही संपला असं मी धरून चालले. तर दुसऱ्या दिवशी दुकानावर पाटी! 'नवीन कपडे शिवायला घेत आहोत. पैसे आगाऊ.' मी डोक्याला हात लावला. अहो, ज्यांचे जुने कपडे कपाटात कुजतायत ते आगाऊ पैसे देऊन नवे टाकतील? कोण खुळा येणार इथे?

रांग लागली. खोटं नाही सांगत, चपलांच्या दुकानापर्यंत रांग! डॉक्टरीणबाई कापड घेऊन, शाळेच्या मोठ्या बाई कापड घेऊन, बेकरीवाले काका कापड घेऊन, आणि हो, पोस्टमास्तरसुद्धा, सूट अजून अस्तराला असताना! बाबा मापं घेतायत, "हात वर करा, पोट सोडा," आणि त्यांचा चेहरा असा फुललाय. मी गारच पडले.

मला राहवेना. काकांना बाजूला घेतलं, म्हटलं, "काका, तुम्हाला माहीत आहे ना, हे कपडे तुम्हाला कधी मिळणार नाहीत?" तर काका म्हणतात, "हळू बोल, ऐकेल तो! अगं, म्हणूनच तर दिलेत. नुसते पैसे दिले तर घेतो का तुझा बाप? मग शिलाई म्हणून दिले. आणि कापडाशिवाय गेलो असतो तर संशय आला असता, म्हणून हाताला लागलं ते नेलं. माझ्या टेबलावरचं कापड आहे ते. तुझ्या बापाकडे पडून राहील, लागलं की मागून नेईन. त्याच्या दुकानाइतकी सुरक्षित जागा आहे का दुसरी?" डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याचा पडदा दिला होता, मोठ्या सूर्यफुलांचा. शाळेच्या बाईंनी तर रंगमंचाचा मखमली पडदाच! आणि बाबांनी कापडाकडे बघून चकार शब्द काढला नाही, कारण त्यांचा नियम, गिऱ्हाईक आणेल ते कापड, आपण फक्त शिवायचं. सगळी गल्ली मिळून माझ्या बापाचा मान सांभाळत होती, आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती.

आणि मग तो माणूस कामाला लागला.

म्हणजे खरंच लागला! चहा मशीनवर, जेवण मशीनवर. "पोरीच्या नावाने पैसे घेतलेत, ती निघायच्या आत प्रत्येकाचा कपडा प्रत्येकाच्या अंगावर पाहिजे." मी म्हटलं, "बाबा, लोकांना घाई नाहीये." "तुला काय कळतं धंद्यातलं?" मी कात्री लपवली, त्यांनी दुसरी काढली. आईला म्हटलं, "अगं आई, थांबव त्यांना, सूर्यफुलं कापतायत!" आई खालच्या आवाजात म्हणाली, "मला सगळं ठाऊक आहे. तू सांगणार आहेस का त्यांना खरं? मग ती बटणं दे इकडे."

निघायच्या सकाळी सगळे मला निरोप द्यायला आले. कशात? शिवलेल्यात! बाबांनी आदल्या दिवशी घरोघर जाऊन दिले होते, नाही कसं म्हणणार? डॉक्टरीणबाई नखशिखांत सूर्यफुलांत, आणि दवाखान्यातले पेशंट आता रस्त्यावरून दिसतात. शाळेच्या बाई मखमलीत, पोराटोरांचं नाटक यंदा उघड्यावर. काका चौकटीच्या सुटात, खांद्यावर चहाचा डाग. पण बसलेत कसे सांगू, सगळ्यांना मापात चोख! एकानेही हूं की चूं केलं नाही, उलट शाळेच्या बाई बाबांना म्हणाल्या, "मास्तर, काय हात आहे तुमचा!" बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? लोकांचा विश्वास आहे माझ्यावर." मी मान हलवली.

तेवढ्यात गाडी आली, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की आपण चाललोय बर्फात, आणि आपल्या अंगात आहे पातळ सुती शर्ट. म्हटलं, "बाबा, माझा कोट?"

बाबा माझ्या पाठीवर थोपटून म्हणाले, "तू काय, घरचीच. तुझं परत आलीस की सावकाश शिवू."