शेवटी भाजेल तो घासेल

…नाही, तुम्हीच सांगा, लिंबाने जातं का हे हातावरचं काळं? म्हणे लिंबू चोळा! चोळलं. मीठ चोळलं, सोडा चोळला, बायकोचं ते महागाचं क्रीम चोळलं, त्यावरून घरात जे झालं ते वेगळंच… पण काळं जागच्या जागी! नखांत बसलंय, रेषांत बसलंय. आता कुणी माझा हात बघून भविष्य सांगायचं म्हटलं, तर सगळ्या रेषा कशा ठळक दिसतील, आणि भविष्य काय? तर रविवारी जाळी घासणार!

तुम्हाला सांगतो, आमच्या बिल्डिंगच्या मागच्या अंगणात एक ग्रिल आहे. सगळ्यांचं मिळून. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. रविवारी संध्याकाळी कोळसे पेटवायचे, ज्याने त्याने आपापलं आणून भाजायचं. छान! पण घासायचं कुणी? त्यावरून भांडणं झाली, तेव्हा तळमजल्यावरच्या मास्तरांनी नियम काढला… जन्मभर पोरांना नियमच लावलेत त्या माणसाने… ''शेवटी भाजेल, तो घासेल!'' वा वा, काय न्याय! टाळ्या झाल्या. आणि सगळ्यांत जोरात टाळी कुणाची? माझी!

तेव्हापासून बघा मजा. पूर्वी उन्हं उतरल्यावर यायची माणसं, आता भर उन्हात चिमटे घेऊन हजर! दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर चिकन कच्चं असतानाच उचलतात, ''आम्हाला असंच आवडतं हो, रसरशीत!'' रसरशीत कसलं, अजून थोडं कच्चं असतं तर चालत घरी गेलं असतं! समोरचे ते गाडी शिकवणारे, दिवसभर लोकांना 'घाई नको, घाई नको' सांगतात आणि इथे मला कोपराने ओव्हरटेक करतात. आणि प्रेम तर काय उतू जातं! ''अहो, तुम्ही सावकाश या… तुम्ही निवांत भाजा…'' मी आपला भोळा, मला वाटायचं काय माणसं आहेत! मी माझा कांदा जाळीवर ठेवतो, मागे वळून बघतो, तर अंगणात चिटपाखरू नाही. शेवटचा कोण? मी!

आणि घासणं म्हणजे काय वाटलं तुम्हाला? जाळी गरम असताना खरवडावी तर हात भाजतो, गार होऊ द्यावी तर चरबीचा दगड होतो. तारेच्या ब्रशने घासावं, तर ब्रशची तार तुटून जाळीत अडकते, ती कुणाच्या घशात गेली म्हणजे? म्हणून वाकून वाकून एकेक दांडी तपासा. मग अर्धा कांदा काट्याला टोचून जाळीवर चोळा. कुणाचा कांदा? माझाच, खायला आणलेला! खालचा चरबीचा ट्रे काढा, तो सरळ कधी निघत नाही, निघतो तो पायावर. मग राख भरा, आणि राख भरताना वारा सुटलाच पाहिजे! मग पुसून वर तेलाचा हात, नाहीतर गंज धरतो. वरून बायको खिडकीतून विचारते, ''काही खाल्लं का हो?'' अगं, कधी खाऊ?

बरं, मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर. म्हणजे काम काय, तर लोकांच्या नाकावर चष्मा चढवायचा. गिऱ्हाईक डोळे मिटून बसलेलं, मी हे असे हात त्याच्या नाकाशी नेतो, आणि ते डोळे न उघडताच विचारतं, ''चिकन कुठून आणता तुम्ही?'' एका बाईंच्या गालावर तर माझं बोट उमटलं! मालक कधी ओरडत नाहीत, तोच तर ताप आहे. हळूच म्हणाले, ''येत्या सोमवारी हात स्वच्छ दिसले नाहीत, तर मागे गोदामात खोकी लावायला बसा.'' अहो, इतकी वर्षं त्या काउंटरवर काढली मी! म्हातारी माणसं नवा चष्मा लावतात, शेजारी उभ्या नातवाचं तोंड नीट दिसतं आणि अशी हसतात… त्यासाठी तर जातो हो मी तिथे! गोदामात कोण हसणार? खोकी?

तेव्हा ठरवलं. या रविवारी चिमट्याला हात लावायचा नाही. गेलो, नाहीतर म्हणतील फटकून वागतो, पण हात खिशात आणि खिशात कोरडा पाव. आणि काय सांगू, जिंकत होतो हो! कोळसे विझत आलेले. डॉक्टरांकडे एक कणीस उरलेलं, गाडीवाल्यांकडे एक, पण दोघंही ठेवेनात! एकाने ठेवलं की दुसरा कच्चं कणीस घेऊन घरी पळणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक. आणि तोवर शेवटी भाजलेलं कुणी? खुद्द मास्तरांनी! मला तर गुदगुल्या व्हायला लागल्या.

एवढ्यात मास्तर घरात गेले, आणि बाहेर कोण आलं? मास्तरांच्या आई. नव्वदीच्या. दोन्ही हातांत मिळून एक टोमॅटो.

''बाळा, एवढा भाजून दे रे. दात नाहीत मला, दुसरं काही चावत नाही.''

म्हटलं, ''आजी, मास्तरांना सांगा ना.''

दारातून मास्तर म्हणतात, ''माझी कंबर धरलीय हो आत्ताच!'' आत्ताच!

मी डॉक्टरांकडे बघतो, गाडीवाल्यांकडे बघतो, तर सगळं अंगण आभाळाकडे बघतंय. जसं काही आज तारे पहिल्यांदाच उगवणार आहेत. आजी टोमॅटो पुढे करतायत, अजून पुढे करतायत… तुम्ही 'नाही' म्हणाल? म्हणून दाखवा!

ठेवला. आणि टोमॅटोच तो, फुटला! सगळ्या जाळीवर रस, चर्र… नुसतं डांबर झालं डांबर. आजींनी फुंकर घालून घालून खाल्ला. ''हाताला चव आहे रे तुझ्या!'' आणि मागे मास्तर, कंबर-बिंबर विसरून ताठ उभे, ''हां, शेवटचा कोण?''

शेवटचा कोण… मी.

सोमवारी मालकांनी माझे हात बघितले आणि गोदामाची किल्ली पुढे केली. झालं. काउंटरवर आता त्यांचा भाचा बसतो. हात पांढरेशुभ्र, चष्मा मात्र वाकडा चढवतो, मला आतून दिसतं ना!

आणि आज जिन्यात आजी. ''बाळा, रविवारी आहेस ना? दोन टोमॅटो आणते.'' राग यावा की नाही माणसाला? आला! चांगला आला. पण त्या अशा हसल्या हो, बिनदातांच्या… मला माझं काउंटरच आठवलं.

म्हटलं, ''आजी, तीन आणा. गोदामात हात बघणारं कोण आहे? घासायचं तर मलाच आहे, निदान एक टोमॅटो मला खाऊ द्या!''