भिंतीपलीकडची नळी

एकोणीसशे एक्क्याऐंशी साल, मे महिना, कडक उन्हाळा — तेव्हा ही विहीर आटली, ती एकदाच. त्यानंतर कधी नाही. विचारलंत म्हणून सांगतो, पोरी, नाहीतर मला गप्पांची हौस नाही. बसा. त्या स्टुलावर नको, खताचा हात लागलाय त्याला — इकडे कट्ट्यावर बसा, सकाळीच घासलाय. रोज घासतो. रोपवाटिका चालवतो म्हणून काय चिखलात लोळायचं? इतरांची बघा जाऊन — पिंपात कोपरापर्यंत हात घालतात, त्याच हातानं नाक पुसतात, आणि वर तेच पाणी गिऱ्हाइकाला पाजतात. शी! मी तसल्यांच्या दारातून आत जात नाही. आणि ते हातमोजे कशाला? माझ्या पाण्याला हात लावायला हातमोजे? — तुमच्या बाटलीतल्या औषधासाठी. बरं, मग घाला. माझ्या पाण्यासाठी नाहीत, एवढं म्हणा म्हणजे झालं.

काय, सोनं? तुमच्या बाटलीतल्या या लाल पाण्यात? म्हाताऱ्याची चेष्टा करताय. — सोन्याचे कण, डोळ्यांना न दिसणारे, इतके बारीक की पिवळे न दिसता लाल दिसतात. असेल बुवा. मला चौथीच्या पुढचं विचारू नका. म्हणजे कण सुटे असले की लाल, आणि पाण्यात फवारणीचं औषध असलं की ते एकमेकांना चिकटतात नि निळे पडतात — असंच ना? आमच्या भावकीसारखं. विष पडलं की सगळे एकत्र. टाका, टाका बिनधास्त. विहिरीच्या मधलं पाणी आहे, मी स्वतः ओढलंय. तुम्हाला बोलावलं तरी कुणी? मीच. पलीकडे सुतार राहतो, त्याची सून — सातवा लागलाय तिला — परवा भिंतीवरून म्हणते, "आजोबा, पाण्याला वास येतो." माझ्या पाण्याला! दिवस गेलेल्या बाईला काय, गुलाबही घाण वाटतो. म्हटलं, थांब, प्रयोगशाळेतून माणूसच आणतो, मग बघू तुझं नाक मोठं की त्यांची विद्या.

ती माझं पाणी का पिते? तेच तर सांगत होतो. विहीर आटली तेव्हा सुताराच्या आईनं आम्हाला पाणी दिलं, त्यांच्या विहिरीतलं. रोज सकाळी दोन बादल्या या भिंतीवर ठेवायची. दोनच, पण त्यांनाही पुरत नव्हतं तेव्हा. बोलून दाखवलं नाही कधी. आणि मी मान खाली घालून घ्यायचो — मी! ते अजून डाचतं. पाऊस झाला तशी मी विहीर आणखी खोल नेली, पंप बसवला, आणि ही नळी टाकली भिंतीपलीकडे. म्हटलं, घ्या आता, कायमचं. त्यांनी मग आपली विहीर बुजवून तिथं करवतीचं यंत्र बसवलं. आज त्या घरात जो घोट पोटात जातो तो माझा. आहे कुणाची टाप मला मिंधा म्हणायची? गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक नळावर मी एकदाही उभा राहिलो नाही. थुंकतात तिथं, आणि थुंकीतच बादल्या टेकवतात. कुत्रं येऊन तोटी चाटतं, त्याला हाकलतात आणि खाली तांब्या धरतात. बघूनच ओकारी येते —

हे काय? सावली पडली असेल. उन्हात धरा. — जांभळट आहे, निळं कुठं? तुमची काचनळी घाण असेल. दुसरी घ्या. आधी तुमचं ते शुद्ध पाणी टाका त्यात. लाल. लालच राहिलं. आता माझं, आणा इकडे, मी टाकतो.

हं.

नको, पुन्हा नको. दिसलं मला.

वरून आलं असेल कुणाच्या शेतातून. — शेत नाहीच म्हणा इथं. फवारतो तो मी एकटाच. कीड पडली की फवारावं लागतं, रोपं काय कौतुकानं वाढतात? पण मी त्या गलिच्छांतला नाही. माझा जावई, नवा होता तेव्हा, फवारणीचा पंप धुवायला रस्त्यावर गटाराशी बसला, आणि ते दुधासारखं पांढरं पाणी लोकांच्या दारासमोरून वाहत गेलं. काय शिसारी आली मला! हात उगारला होता, लेकीकडे बघून खाली घेतला. म्हटलं, आपली घाण दुसऱ्याच्या दारात? तेव्हापासून नियम — पंप इथंच धुवायचा, या फरशीवर, साबण लावून, तीन-तीन पाण्यांनी. मीच धुतो. उतार असा काढलाय की थेंब बाहेर जायचा नाही, सगळं त्या खड्ड्यात. खडी भरलीय. बघा किती स्वच्छ, पावसाळ्यातसुद्धा एक डास नाही त्यावर —

डास नाही.

काय बघताय? खड्ड्याकडे नि विहिरीकडे, विहिरीकडे नि खड्ड्याकडे. मला दिसतंय किती जवळ आहे ते. बायको माझी पोटाच्या दुखण्यानं गेली, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. डॉक्टर काही बोलले नव्हते. शेवटी चमच्यानं पाजत होतो, हेच पाणी, दुसरं घ्यायची नाही ती. संबंध नाही म्हणतोय ना! मान का खाली घातलीत?

अहवाल कधी देणार? सोमवारी. म्हणजे सोमवारपर्यंत हे तुमच्या-माझ्यात. तोवर खड्डा उकरून, विहीर उपसून —

गप्प. ऐकू येतंय? नळी गुरगुरतेय. पलीकडे तोटी सोडली कुणीतरी. तीच असणार. या वेळेला पिते, उभ्यानं, ओंजळीनं. किती वेळा सांगितलं भांडं घे म्हणून.

सरका, पोरी, सरका! — ए सूनबाई! टाक ते! टाक म्हणतो ना, घशाखाली उतरवू नकोस! थुंक! — वास येतो म्हणालीस ना? येतो. तुझंच खरं. नळी बंद केलीय मी. सासऱ्याला म्हणावं, घरातलं भरलेलं सगळं ओतून दे, भांडी धुवायलासुद्धा वापरू नका. का ते मीच येऊन सांगतो. — आत्ता येतो, पाणी घेऊनच.

तुम्ही काय बघत उभ्या राहिलात? त्या दोन बादल्या द्या. त्या नव्हे, त्या इथल्या पाण्यानं घासल्यात. त्या वरच्या, कोऱ्या. — हो, त्याच नळावर. थुंकीत उभा राहीन, कुत्र्यामागं नंबर लावीन.

दोनच पुरे. तेव्हाही दोनच होत्या. निघा तुम्ही.