पाटोळे डॉक्टरांच्या ओट्यावर

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दूध संस्थेचे चेअरमन माननीय आप्पासाहेब, इंदापूरहून वेळ काढून आलेले पशुसंवर्धन खात्याचे साहेब, बारामतीच्या चर्चहून आलेले पाळकसाहेब, खांद्यावरची शाल सांभाळत अवघडून बसलेले आपले सत्कारमूर्ती श्री. शमुवेल रत्नाकर पाटोळे, समोर बसलेले कळंबचे ग्रामस्थ, आणि दाराशी उभ्या असलेल्या, म्हणजे भाषण लांबले तर सर्वांत आधी सुटणाऱ्या माता-भगिनींनो,

वार्ताहराला बोलायला उभे करणे हा धोकाच असतो. दोन ओळींत निधन आणि चार ओळींत सत्कार उरकायची त्याला सवय. त्यातून मी तरुणपणी सात वर्षे पाठशाळेत संस्कृत घोकलेला. त्या विद्येचा या गावाला काय उपयोग झाला, असे तुम्ही मला अनेकदा चहा पिताना विचारले आहे. आज त्याचे उत्तर देणार आहे. ते तुम्हाला आवडेल असे नाही.

पाटोळे एकवीस वर्षे आपल्या जनावरांच्या दवाखान्यात होते. सरकारी कागदावर ते पशुधन पर्यवेक्षक. डॉक्टर त्यांना आपण केले. जनावरांनी कधी हरकत घेतली नाही, साहेबही आज घेणार नाहीत अशी आशा आहे. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवावे ते डॉक्टरांनीच. आणि ते करताना गाईशी ते इतके अदबीने बोलत, की तिचा मालक बाजूला संकोचून उभा राही. त्याच्याशी तसे घरात कोणी बोललेले नसे.

गावात ख्रिस्ती घर एकच. रविवारी सकाळच्या एसटीने डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी मार्थाबाई बारामतीला चर्चला जात. इतर दिवशी दिवेलागणीला ओट्यावर दोन लोखंडी खुर्च्या मांडून दोघे प्रार्थनेला बसत. बाई वाचत, डॉक्टर मागणे मागत. रस्त्यावरून जाताना कानावर पडायचे. मागण्यात गावातल्या आजारी माणसांची नावे असत, आणि एकदा मी या कानांनी ऐकले आहे, आपल्या रामहरीच्या म्हशीचेही होते. बरी झाली ती. रामहरीने श्रेय सरकी पेंडीला दिले.

दोन वर्षांपूर्वी, चौऱ्याण्णवच्या भाद्रपदात, मार्थाबाई काविळीने गेल्या. मूलबाळ नव्हते. दफनभूमी बारामतीला. दुधाचा टेंपो रिकामा करून त्यात बसून गाव गेले. आप्पासाहेब, तुम्ही पहिला खांदा दिलात. कबरीत मूठमूठ माती टाकताना आपण सगळे एकमेकांकडे बघून टाकत होतो, कारण कोणालाच रीत ठाऊक नव्हती. तिथवर गाव गावासारखे वागले. मग परत येताना टेंपोत बोलणे झाले. मी शेजारीच होतो.

आप्पासाहेबांनी विचारले, "डॉक्टर, दहावा कवा धरायचा?"

"आमच्यात दहावा नसतो, आप्पासाहेब."

"मग तेरावा?"

"तोही नसतो."

"आता गं बया! मग आमी यायचं कवा?"

डॉक्टर म्हणाले, "कधीही या."

आता तुम्हीच सांगा, 'कधीही' हा दिवस कोणत्या पंचांगात आहे? दहावा म्हटले की माणूस ऊस सोडून येतो. तेराव्याला पै-पाहुणा गोळा होतो. आपल्याला दुःखाकडे जायलाही तिथी लागते. 'कधीही' म्हटल्यावर आज जाऊ, उद्या जाऊ, असे करीत आपण घोळत राहिलो.

तरी शेजारच्या कुशाबाई डॉक्टरांकडे जायला निघाल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी कडू घास न्यायचा, ही आपली रीत. पिठलं-भाकरी झाकून त्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेल्या. डॉक्टर ओट्यावर. डोळे मिटलेले, हात जोडलेले. शेजारी दुसरी खुर्ची, रिकामी. कुशाबाई फाटकाशी थांबल्या आणि ताट घेऊन परत आल्या. वाटेत मी भेटलो.

मला म्हणाल्या, "तुमी शिकल्यालं हाय, तुमीच सांगा. डॉक्टर देवाला बसल्यात. हाक मारावी का न्हाय?"

मी खाकरलो. माझ्यातली सात वर्षांची पाठशाळा जागी झाली. म्हणालो, "नाही कुशाबाई. उपासनेला बसलेल्याची एकाग्रता भंग करणे हा दोष आहे. शिवाय ती दुसरी खुर्ची बाईंची. तिथे आपण बसणे बरे दिसायचे नाही."

"बरं झालं बाई इचारलं. न्हायतर पाप लागलं असतं."

माझा हा निर्णय दोन दिवसांत गावभर झाला. माझी एकही बातमी इतक्या वेगाने पसरलेली नाही. मग संध्याकाळी जो जाई तो फाटकापर्यंत जाई, डोळे मिटलेले बघे, आणि चपलांचा आवाज होऊ न देता मागे फिरे. परवा मी घरोघर विचारले. कुशाबाई पाच वेळा गेल्या होत्या. आप्पासाहेब तीन वेळा. मी दोनदा. सिंधुबाई तर नातीला घेऊन गेल्या होत्या. आत मात्र कोणीच गेले नाही.

हाक मारली ती एकानेच. सहा महिन्यांनी रामहरी फाटकातूनच ओरडला, "डॉक्टर, चला लवकर! म्हस अडलीया!" डॉक्टर मागणे अर्धवट सोडून उठले, पिशवी घेतली, निघाले. म्हशीसाठी आपण प्रार्थना बेधडक मोडली. माणूस अडला होता तेव्हा आपल्याला आदर आठवला.

गेल्या आठवड्यात, आजच्या सत्काराची माहिती लिहून घ्यायला मी डॉक्टरांकडे गेलो. मुद्दाम दुपारी, म्हणजे दोष नको. त्यांनी दुसरी खुर्ची पुढे केली. मी बसलो. जन्मतारीख, नोकरीची वर्षे लिहून झाल्यावर मी सहज विचारले, "डॉक्टर, पूर्वी प्रार्थना दहा मिनिटांत आटपायची. आता तास-तास बसता. एवढे मागता तरी काय?"

ते म्हणाले, "कोणीतरी यावं, एवढंच."

मी लिहायचे थांबलो.

"पावलं यायची हो फाटकापर्यंत. ऐकू यायची. मनात म्हणायचो, आमेन म्हणेपर्यंत थांब बाबा. डोळे उघडले की रस्ता मोकळा. मग वाटलं, आपण पडलो ख्रिस्ती. बाई होती तोवर चालून गेलं. आता ओटा चढायला लोकांना नको वाटत असेल. मग पुन्हा डोळे मिटायचो."

"देवाचा राग नाही आला?"

"आला की. रोज सांगायचो त्यालाच. ऐकून घेणारं घरात दुसरं होतं कोण?"

म्हणजे बघा. कोणी येत नाही म्हणून ते जास्त वेळ बसत, आणि ते बसलेले दिसत म्हणून कोणी येत नसे. अशी दोन वर्षे गेली. उद्या सकाळी ते पुतण्याकडे नगरला कायमचे चालले आहेत. त्यांना वाटते, या गावाने त्यांना धर्मावरून दूर ठेवले.

हे ऐकल्यावर खरे काय ते मी तिथल्या तिथे सांगायला हवे होते. पण मी वही मिटली, चहा प्यालो आणि घरी आलो. धीर झाला नाही. म्हणून आज सर्वांसमक्ष सांगतो. डॉक्टर, तुमचा धर्म कोणाच्याही आड आला नाही. आडवी आली ती माझी विद्वत्ता. ती पावले तुमच्याकडेच येत होती. ती मी परत पाठवली. तुम्ही दोन वर्षे जे मागत होता, ते पुन्हा पुन्हा फाटकापर्यंत येत होते.

कुशाबाई, डोळे पुसू नका. तुम्ही विचारलेत, हा तुमचा दोष नव्हे. मी उत्तर दिले, हा माझा.

दूध संस्थेने सभागृह दिले, साहेब आणि पाळकसाहेब वेळ काढून आले, तुम्ही शांतपणे ऐकलेत, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झाले असेल तर पोटात घाला. मात्र त्या दोन वर्षांची माफी मी गावाच्या वतीने या माइकवरून मागणार नाही. ती ज्याची त्याने ओटा चढून मागावी. दिवेलागणीला अजून तासभर आहे. डॉक्टर डोळे मिटून बसलेले असतील. खुशाल हाक मारा.