सायाबाईचं घमेलं

डुकरांच्या बाळंतपणावर पीएचडी करता येते, हे मला नोकरीच्या शेवटच्या वर्षी कळलं. बेला गावाजवळच्या एका डुक्कर-फार्मवर मी कारकून होतो. तिथं दोन विद्यापीठांचा संयुक्त प्रयोग चालला होता. निम्म्या गाभण डुकरिणींना एका विद्यापीठाचा खुराक, निम्म्यांना दुसऱ्याचा. पिल्लं कोणाच्या खुराकानं जास्त होतात ते पाहायचं. प्रयोग सांभाळणाऱ्या मॅडमची पीएचडी त्यावरच अडून होती.

सगळ्या व्याल्या, आणि पिल्लं दोन्हीकडे सारखीच. मॅडमनी खुराक घालणाऱ्या सायाबाईला विचारलं, "बाई, पोती अदलाबदल तर झाली नाहीत ना?"

"नाई जी. दोनी पोते एकाच घमेल्यात कालवून सगळ्याइले वाढलं."

"अहो, पण का?"

"गुळाचा वास एकाच पोत्याले होता. एका पोटुशीले गोड अन् दुसरीले कोरडं, असं आमी माणसात बी नाई करत, मॅडम. डोहाळे तं तिले बी लागतात."

मॅडम पोत्यावरच बसल्या. पीएचडी पुढच्या विणीवर गेली.

दोन्ही विद्यापीठांचे साहेब वर्षभरात एकदाही एका टेबलावर बसले नव्हते. अहवालावर 'संयुक्त' हा शब्द मी टाइप केला होता. तो खरा करून दाखवला सायाबाईनं.